मावशींनी शब्द पाळला

तिच्या पार्लरमध्ये आरशासमोर बसलेली बाई मानेवर पाणी पडेपडेपर्यंत नवऱ्याचं घोरणं, सासूचं पथ्य आणि जावेचा नवा फ्लॅट इथवर पोचलेली असायची. पार्लरवाली नुसती मान डोलवत कात्री चालवायची. ऐकलेलं कधी बाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणून गिऱ्हाइकं तिला ‘तिजोरी’ म्हणायची. तिजोरीचं स्वतःचं आत काय आहे, हे विचारावं असं कुणाला वाटलं नव्हतं. लग्न केलं नाही, मैत्रिणीबरोबर राहते, भाडं वाटून घेतात, हुशार आहेत पोरी. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि हिनेही कधी दुरुस्ती केली नव्हती.

मैत्रीण दवाखान्यात एक्स-रे काढायची. दोघींचा संसार बारा वर्षांचा, भांडणांसकट. दर महिन्याला ती केस कापायला पार्लरमध्ये यायची, तीही रीतसर फोनवर वेळ घेऊन. पहाटे जिने आपलं पांघरूण ओढून घेतलं, तिलाच ही दुपारी “मॅडम, मान जरा खाली” म्हणायची. सुरुवातीला घरी आल्यावर दोघी पोट धरधरून हसायच्या. मग एक्स-रेवालीला हसू येईनासं झालं.

“पुढच्या वेळी मी येईन,” ती एकदा जेवताना म्हणाली, “तेव्हा मी तुझी कोण, ते तिथे माहीत असलं पाहिजे. नाहीतर माझे केस दुसरीकडे कापीन. आणि मग इथे तरी कशाला राहू? बारा वर्षं गिऱ्हाईक आहे तुझी. कंटाळले मी.”

ही भांडी घासताना विचार करत राहिली. सांगायला तर हवं, पण प्रत्येक बाईपुढे नव्याने तोंड उघडायचं कसं? शेवटी तिने शक्कल लढवली, आणि ती पार्लरवालीलाच सुचावी. डोक्याला डाय लावलेल्या बाईला उठून जाता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. मंगळवारी डाय लावायला एक मावशी यायच्या, ज्यांना सगळे माघारी ‘भोंगा’ म्हणत. मावशींच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाची बदली झाली तर ते त्या माणसाच्या आधी मावशींना ठाऊक. त्यांच्या कानावर घातलं की संध्याकाळपर्यंत गावभर, आपण नुसती कात्री चालवायची!

मंगळवारी डाय लावता लावता तिने सांगून टाकलं. घरात कोण आहे, काय काम करते, केस कापायला इथेच कशी येते, सगळं. सांगण्याच्या नादात मावशींच्या कपाळावर काळा ओघळ आला.

मावशी खुर्चीतच वळल्या. मग तिचा माखलेला हात धरून म्हणाल्या, “मला सांगितलंस? विश्वासाने? मला कुणी काही सांगत नाही गं, मी आपली इकडूनतिकडून गोळा करते. गळ्याशपथ, हे इथून बाहेर जायचं नाही.”

आणि खरंच गेलं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मावशी मूग गिळून बसल्या. पार्लरवाली येणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा निरखायची. त्यावर जावेच्या फ्लॅटाखेरीज काही दिसेना. भोंगा नेमका आपल्याच वेळी बंद पडावा! तिने कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी एक्स-रेवाली आली आणि खुर्चीत बसली. मागे बाकावर मावशी आणि दोन शेजारणी. खुर्चीतली ती कोण ते मावशींच्या लक्षात आलं, आणि त्या गुपित झाकायला जिवाच्या आकांताने मदतीला धावल्या. “या मॅडम नेहमीच्या हो इथल्या! मिस्टर परदेशात असतात यांचे.”

एक्स-रेवालीने आरशातून हिच्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

“मिस्टर नाहीत,” ही म्हणाली. “मी आहे. आम्ही दोघी जोडपं आहोत. बारा वर्षं एका घरात संसार करतोय. बस गं, कुठे चाललीस?”

शेजारणींच्या आधी मावशीच उसळल्या. “अगं बये, सगळ्यांना सांगायचंच होतं तर मला म्हणायचंस ना! पोट फुगलं माझं इतके दिवस. एका दुपारीत उरकून टाकलं असतं मी!”

“टाकलं असतंत, मावशी,” पर्स खाली ठेवत एक्स-रेवाली म्हणाली, “पण मला ते हिच्या तोंडून ऐकायचं होतं.”