महिपतने दडवलेले दोन दिवस

पोलादपूरच्या वरच्या अंगाला बोरीचा कोंड ही डोंगरातली वाडी आहे. तिथल्या महिपतला आसपासच्या पाच वाड्यांत मान होता, तो पावसाच्या मापामुळं. तळीयेवर दरड कोसळली त्यानंतर एका संस्थेनं कोंडावर पाऊस मोजायची नळी बसवली आणि ती सांभाळायला म्हशी राखणारा, सातवी शिकलेला महिपत निवडला. रोज सकाळी तो नळी बघायचा आणि पाच वाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडा टाकायचा. पाणी लाल खुणेवर गेलं की एवढंच लिहायचा, 'शाळेत चला.' माणसं दावणीची गुरं सोडून निघायची. महिपतचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

जुलैतल्या एका सोमवारी पुतण्याच्या, सुधीरच्या नंबरवरून मेसेज आला. 'काका, माझा कोड चुकून तुमच्याकडं आलाय. सहा आकडे आहेत, लवकर पाठवा.' सुधीर मुंबईला नोकरीला. पोराचं काम अडू नये म्हणून महिपतनं आकडे पाठवले, आणि घटकाभरात त्याचंच व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. त्यानं सुधीरला फोन लावला.

"काका, माझं अकाउंट कालच हॅक झालंय! तुम्ही काय पाठवलं नाय ना?"

"नाय रे, मी कशाला पाठवतोय?"

खोटं तोंडातून निघून गेलं. पाच वाड्यांनी विश्वासानं हातात दिलेली गोष्ट आपण एका मेसेजवर घालवली, हे कबूल करायला जीभ उचलेना.

तिकडं ग्रुपवर महिपतच्याच नावानं, त्याच्याच फोटोसकट भलतंसलतं यायला लागलं. 'डोंगराला भेग पडली, व्हिडिओ बघायला इथं दाबा.' पहिल्या वेळी माणसं भिजत शाळेपर्यंत धावली आणि शिव्या देत परतली. मग एकेकानं ग्रुपकडं बघणंच सोडलं. कुणी विचारलं की महिपत म्हणायचा, "मोबाईल बिघडलाय." सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी नळी काठोकाठ भरलेली. महिपतनं बायकोच्या, सुंदराबाईच्या मोबाईलवरून ग्रुपवर लिहिलं, 'मी महिपत. खरंच शाळेत चला.' कोंडावर तो दारोदार ओरडत फिरला. खालची वाडी मात्र ओढ्यापलीकडं. ओढा दुथडी भरून वाहत होता; मेसेज तेवढा गेला, फोन लागत नव्हते.

दहाच्या सुमाराला दरड खालच्या वाडीतल्या जनीच्या गोठ्यावर आली. दोन म्हशी गाडल्या गेल्या. तुळईखाली जनीचा पाय चेचला. पाणी उतरल्यावर तिला डोलीत घालून खाली आणलं, महाडच्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

महिपत भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली, "मेसेज वाचला होता, भावोजी. तुमचं नाव बघितलं नि म्हटलं, परत तेच थोतांड."

त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना.

त्या रविवारी देवळात पाचही वाड्यांची माणसं जमली. महिपतनं उभं राहून सगळं सांगितलं. वाड्यांची आशा सेविका निशिगंधा पुढं झाली. "काका, आज तुम्ही अडकलात, उद्या आमच्यातला कुणीही अडकेल. आपणच काहीतरी ठरवू या."

ठरलं ते असं. प्रत्येक मोबाईलला दोन टप्प्यांचं कुलूप घालायचं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला आपला वेगळा पिन लावायचा. सहा आकडे सख्ख्या भावालाही द्यायचे नाहीत. नुसत्या मेसेजवर हलायचं नाही; घरानं घराला फोन करायचा, रेंज नसेल तर थाळी बडवायची, आणि निरोप खरा हे कळावं म्हणून त्या महिन्याचा ठरलेला परवलीचा शब्द सांगायचा. आणि कुणी फसलं तर त्याच घडीला सांगायचं. त्याला कुणी हसायचं नाही.

महिपत घरोघर फिरून मोबाईलना कुलूप घालून देऊ लागला. प्रत्येक ओट्यावर आधी स्वतःचं सांगायचा. "आकडे दिले ते भोळेपणानं. दोन दिवस गप बसलो ते भोळेपणानं नाय."

यंदा जूनमध्ये खालच्या वाडीतल्या यशराजच्या नावानं तसाच मेसेज आला. यशराजनं लगेच फोन करून सांगितलं, "माझं व्हॉट्सअ‍ॅप चोरलंय रे, काय दाबू नका." अर्ध्या तासात पाचही वाड्यांना कळलं. कुणीच फसलं नाही. लोकांनी महिपतचं कौतुक केलं, तेव्हा तो गुरं बघायचं निमित्त करून उठून गेला.

एका घरी मात्र तो अजून गेला नव्हता. अखेर जनीनंच निरोप धाडला. तो गेला, खाली मान घालून तिच्या मोबाईलला कुलूप घालून दिलं. बाकी ओट्यांवर सांगायचा ते न सांगताच तो उठायला लागला.

"चुकलात त्याचा राग नाय, भावोजी," जनी म्हणाली. "दडवलंत, त्याचा हाय. तो जायचा नाय."

"जाऊ देऊ नकोस," महिपत म्हणाला.