अर्जाची फी

मित्रहो, लढाईच्या या महागाईत मी कचेरीत चालणारा उर्दू अर्ज लिहून देण्याची फी रुपया सांगतो. घासाघीस होऊन आठ आणे हाती येतात.

आज लातूरच्या कचेरीबाहेर मुरुडच्या एक विधवा बाई आल्या. दीर त्यांचं शेत स्वतःच्या नावावर करून घेत होता, त्याविरुद्ध अर्ज हवा होता. मी रुपया सांगितला.

"बरं हाय, दादा," म्हणून त्या उठल्या.

कमी करा म्हणतील, म्हणून मी थांबलो. हाक मारली तर भाव पडेल, असंही वाटलं.

शेजारचा शिंपी म्हणाला, "मुन्शीजी, ती माघारी येत न्हाई. तुमीच उठा आता."

उठलो तोवर त्यांना घेऊन मुरुडची मोटार सुटली होती. अर्ज राहिला.

ज्याला घासाघीस जमत नाही, त्याला तुम्ही पहिला भाव कोणता सांगता?