अर्जाआधीचा सत्कार

आमच्या शर्वरीला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याबद्दल तिचा जाहीर सत्कार झाला, तेव्हा तिनं त्या पुरस्कारासाठी अर्जही केलेला नव्हता. सत्काराचा निमंत्रक, स्वागताध्यक्ष आणि सूत्रसंचालक मीच होतो. (आभारही मीच मानणार होतो, पण तोवर सत्कारमूर्ती निघून गेली होती.)

जरा आधीपासून सांगतो. आम्ही नेरूळला राहतो आणि गेली नऊ वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ‘दुसरं कुणी उभंच राहत नाही म्हणून,’ असं माझी बायको मनीषा म्हणते. तिच्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. या नऊ वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. खुर्च्या, माइक आणि हार असल्याशिवाय काम झालं असं आपल्याकडे कुणी मानतच नाही. पाण्याची नवी मोटर बसवली तेव्हा मी मोटरीला हार घातला होता. चेअरमन शिर्के साहेबांनी मोटरीला उद्देशून चार शब्दही सांगितले होते.

शर्वरी सोळा वर्षांची, अकरावीत. माझ्या एकदम उलट्या स्वभावाची. दर रविवारी सकाळी दहा ते एक ती खाली पार्किंगमध्ये जुनं कॅरमचं टेबल मांडून, लॅपटॉप उघडून बसते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. शिष्यवृत्तीचे, ॲडमिशनचे, रेशनचे, गॅसचे. सुरुवात झाली आमच्याकडे काम करणाऱ्या लताताईंपासून. त्यांच्या मुलाचा अर्ज सायबर कॅफेवाल्यानं जन्मतारीख चुकीची टाकल्यामुळे बाद झाला, आणि शर्वरीनं खटपट करून तो परत भरून दिला. मग लताताईंच्या ओळखीच्या बायका आल्या, सारसोळ्याच्या मासेवाल्या आल्या, दिघ्याहून दोन बसा बदलून माणसं यायला लागली. आणि एवढं सगळं चाललेलं, पण ना बोर्ड, ना बॅनर! मला ते बघवत नसे.

“अगं, निदान एक बॅनर तरी लाव!” मी म्हणायचो.

“पप्पा, त्यांना फॉर्म वाचता येत नाही म्हणून ते येतात. बॅनर काय करतील वाचून?”

तर अशा या पोरीला तिच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, की परदेशातली एक संस्था तुझ्या वयाच्या मुलांना युवा नेतृत्वाचा पुरस्कार देते, जगभरातून अर्ज येतात, निवड झालेल्यांना तिकडे शिबिराला बोलावतात, तू भर. शर्वरीनं महिनाभर खपून अर्ज लिहिला. जगाचे फॉर्म भरणाऱ्या पोरीनं स्वतःसाठी भरलेला हा पहिला फॉर्म. एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

“पप्पा, मला हे खरंच पाहिजे. तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. रविवारी संध्याकाळी साडेपाचला मुदत संपते. मी अठराची नाही, त्यामुळे शेवटी तुमच्या फोनवर संमती मागतील, ती द्यायची.”

“दिली! दुसरी?”

“नेहमीच्या कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ लागतो. तो मम्मी काढेल रविवारी सकाळी. तेव्हा तुम्ही काहीही करू नका.”

पहिली गोष्ट मी लक्षात ठेवली. दुसरीबद्दल माझं म्हणणं असं, की नऊ वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला काहीही न करणं जमत नाही हो! माझ्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओ यायला लागला. कॅरमचं टेबल, मागे कुणाची तरी स्कूटर, समोर चार बायका. परदेशातले लोक म्हणतील, ही कसली पुढारी? मी तडक शिर्के साहेबांकडे गेलो.

“सेक्रेटरी, लीडर म्हटलं की मागे पब्लिक पायजे,” शिर्के म्हणाले. “आणि पब्लिक अशी येत नाही. निमित्त लागतं. सत्कार ठेवा!”

“पण साहेब, पुरस्कार मिळालाय कुठे अजून?”

“मिळणार आहे ना?”

“म्हणजे... हो.”

“मग? मिळाल्यावर सगळेच करतात!”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. (आज लिहिताना वाटत नाहीये.) शर्वरीला सरप्राइज द्यायचं ठरवून मी स्टेशनजवळच्या बॅनरवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, “लिही, आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज करत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.”

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. “काका, असं कुणी लावतं का? लोक हसतील. आपल्याकडे दोनच डिझाइन आहेत, ‘निवड झाल्याबद्दल’ आणि ‘मिळाल्याबद्दल’. कोणतं टाकू?”

लोक हसतील म्हटल्यावर मी ‘मिळाल्याबद्दल’ निवडलं. मग त्यानं शुभेच्छुकांचे फोटो मागितले. शिर्के साहेबांनी गॉगल घालून कानाला फोन लावलेला फोटो पाठवला. कमिटीतल्या बाकी सहाही जणांनी पाठवले, आठवा माझा. शर्वरीकडे मागायची सोय नव्हती, म्हणून एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून मी तिला कापून काढलं. त्यामुळे बॅनरवर तिच्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात राहिला, आणि आम्हा आठ शुभेच्छुकांना जागा दिल्यावर ती स्वतः कोपऱ्यात तिकिटाएवढी उरली.

बॅनर झकास झाला होता, म्हणून शनिवारी मी त्याचा फोटो आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. इथं माझा निकाल लागला. दहा मिनिटांत साताऱ्याजवळच्या गावाहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन.

“आरं, पोरीनं घराण्याचं नाव काढलं आन तू साधा फोन न्हाई केलास?”

“दादा, तसं नाही. अजून अर्ज...”

“आता अर्ज कशाला? मिळालाय न्हवं? गप बस. जीप सांगितलीया, सकाळी पोचतोय समदी!”

रविवारी सकाळी जीप आली. त्यातून किती माणसं निघाली ते मी मोजायचं सोडून दिलं. शिर्के साहेबांनी आपल्याकडून बेंजो पार्टी सांगितली होती. पार्किंगमध्ये मंडप, लाल सोफा, माइक, सगळं लागलं. गर्दी हाताबाहेर जाऊ नये म्हणून मी वॉचमनला ताकीद दिली, “आज बाहेरच्या एकालाही आत सोडायचं नाही.” व्हिडिओत पब्लिक दिसावी म्हणून केलेला हा सगळा खटाटोप, आणि तिची खरी पब्लिक मी स्वतःच गेटवर अडवून ठेवली, हे त्या वेळी माझ्या टाळक्यात आलं नाही.

दहाला शर्वरी लॅपटॉप घेऊन लिफ्टमधून बाहेर आली. बेंजोवाल्यांनी तिला बघून एकदम सुरुवात केली.

“पप्पा, हे काय आहे?”

“तुझी पब्लिक!” मी ओरडून सांगितलं. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

“माझं टेबल कुठंय?”

टेबल स्टेजवर होतं. वर झालर लावून त्यावर समई ठेवली होती. तिनं बॅनरकडे बघितलं, ‘मिळाल्याबद्दल’ हा शब्द वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती काही बोलणार इतक्यात दादानं तिच्या डोक्यावर फेटा चढवला, वहिनीनं ओवाळलं आणि दोघांनी धरून तिला सोफ्यावर बसवलं. सातारकरांच्या मायेपुढे पळून जायला वाट नसते.

मग शिर्के साहेब बोलायला उठले. शर्वरीवर ते एक वाक्य बोलले, त्यातही तिला शरयू म्हणाले. तिथून ते जे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर गेले ते परत आलेच नाहीत. मनीषा मोबाइल धरून उभी होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“अहो, व्हिडिओ दोन मिनिटांचा पाहिजे ना?”

“हो.”

“एकोणीस मिनिटं झाली, नुसते शिर्केच आलेत. आता काय करू सांगा.”

मी सांगणार इतक्यात शिर्के दम घ्यायला थांबले आणि गेटवरून एक खणखणीत आवाज आला. सारसोळ्याच्या हिरामावशींचा. सकाळचे मासे विकून दर रविवारी येणाऱ्यांतल्या त्या एक.

“आगो शर्वरी! नातीचा नर्सिंगचा फारम हाय गो, आज शेवटचा दिस हाय! यो वॉचमन मना आत सोरत नाय!”

शर्वरी उठली. अंगावर शाल, डोक्यावर फेटा, हातात नारळ. नारळ तिनं बोलत्या शिर्क्यांच्या हातात दिला, लॅपटॉप उचलला आणि तरातरा गेटबाहेर गेली. बाहेर पाच-पंचवीस माणसं उन्हात ताटकळत होती. ती सरळ फुटपाथच्या कडेला बसली आणि म्हणाली, “मावशी, आधी तुमचा. मार्कलिस्ट काढा.”

“आरं, ही कुठं चालली?” दादानं विचारलं.

माझ्या हातात माइक होता. “सत्कारमूर्तींनी कृपया...” एवढंच मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी माइक आपणहून खाली ठेवला.

हिरामावशींच्या फॉर्मनं अंत पाहिला. साइट बंद पडली. ओटीपी आला तो मावशींच्या जावयाच्या फोनवर, आणि जावई होता होडीवर. तो किनाऱ्याला लागेपर्यंत शर्वरीनं बाकीच्यांचे फॉर्म उरकले. इकडे मंडपात पाहुण्यांनी समोसे उरकले. चार वाजता मावशींची नात पुढे आली, तिनं स्क्रीनवरची पावती दोनदा वाचली आणि शर्वरीच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दादा मात्र फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होता.

शर्वरी वर आली ती थेट आपल्या खोलीत गेली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं महिनाभर ज्यासाठी जीव टाकला त्याच्यासाठी आता जेमतेम दीड तास उरला होता, आणि हे केलं होतं मी. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटून उपयोग काय ते कळेना, म्हणून मी तिच्या दाराबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिलो. व्हिडिओची काळजी मनीषानं मिटवली. ती पोरीच्या मागोमाग बाहेर गेली होती आणि फुटपाथवरचं सगळं तिनं टिपलं होतं. त्यातली दोन मिनिटं कापून घेतली.

पाच वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं.

“पप्पा, संमती द्यायच्या आधी पालकांनी पूर्ण अर्ज वाचायचा असतो. वाचा.”

अर्ज इंग्रजीत होता, पण साधा सोपा. मी वाचत गेलो, छाती फुगत गेली. मग शेवटचा प्रश्न आला. कामात आलेला सर्वांत मोठा अडथळा कोणता? खाली उत्तर : ‘माझे वडील.’

“अगं शर्वू...”

“खोटं आहे का?”

“खोटं नाही गं. पण अडथळा म्हणजे... आव्हान लिही ना! आव्हान बरं दिसतं.”

“आव्हान हिरामावशींचा ओटीपी होता. तुम्ही अडथळा.”

“निदान ‘वडील’च्या जागी ‘काही स्थानिक घटक’?”

“पप्पा! पाच वीस!”

पुढे वाचलं. तिनं बॅनर लिहिला होता, बेंजो लिहिला होता, शिर्क्यांची एकोणीस मिनिटं लिहिली होती. आणि शेवटी लिहिलं होतं : ‘ते वाईट नाहीत. मला मोठी झालेली बघायची त्यांना इतकी घाई आहे, की मी रोज काय करते ते बघायचं राहून जातं. मी त्यांना पुढच्या रविवारी माझ्याशेजारी खुर्ची देणार आहे. माइक देणार नाही.’

माझा चष्मा धुकटला. फोनवरचा ओटीपी मला वाचता येईना, तो मनीषानं वाचून दाखवला. पाच सत्तावीसला अर्ज गेला.

पुरस्कार मिळाला नाही, हे सांगून टाकतो. शर्वरी शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथं राहिली. निकालानंतर तिसऱ्या दिवशी रविवार होता, टेबल मांडून बसली. शेजारी मी होतो, झेरॉक्स लावून देत. दादाला मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. गावात तिला पुरस्कार मिळून कधीच झालाय.

पण ती शेवटची फेरी सांगायलाच हवी. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. मला सक्त ताकीद होती, की कॅमेऱ्यात यायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. मी टेबलाच्या पलीकडे श्वास रोखून बसलो होतो. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हसत विचारलं, वडील घरी आहेत का, आम्हाला त्यांना बघायचंय. शर्वरीनं कपाळाला हात लावला. मी भांग ठीक केला, शर्टचं वरचं बटण लावलं आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“ओह,” बाई म्हणाल्या, “सो यू आर द ऑब्स्टॅकल?”

“येस मॅडम!” मी ताठ उभा राहून म्हणालो. “मायसेल्फ ओन्ली!”

शर्वरीनं टेबलाखालून माझा पाय चेचला. पण मी म्हणतो, खोटं का बोलायचं? सगळ्या अर्जातली एवढी एकच गोष्ट त्यांना समोरासमोर तपासून बघता आली, आणि ती शंभर टक्के खरी निघाली!