काळीकर वकिलांची खिडकीजवळची खुर्ची

काळीकर वकिलांच्या मुलाचा, श्रीधरचा, फोन आला तेव्हा मी एका खरेदीखताचा मसुदा वाचत होते. ‘ताई, बाबा गेले,’ एवढंच तो बोलला. मी ‘हो’ म्हटलं, फोन ठेवला आणि मसुद्याचं उरलेलं पान वाचून संपवलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पण अर्धवट वाचलेला दस्त तसाच सोडून उठले असते, तर काळीकर वकील माझ्यावर चिडलेच असते.

भोपाळच्या मराठी घरांत त्यांना ‘शक्की वकील’ म्हणत. आमच्या घरी मात्र हा शब्द कुणी उच्चारला नाही, कारण त्यांचा तो शक आमच्याच प्लॉटपासून सुरू झाला होता. माझे वडील कारखान्यात तंत्रज्ञ होते. बरखेड्याला आमचं क्वार्टर होतं, आणि निवृत्तीनंतर ते सोडायचं म्हणून बाबांनी इंद्रपुरीजवळ एक प्लॉट घेऊन ठेवला होता. मग कारखान्यानं त्यांना दक्षिणेत एका वीजकेंद्राच्या साइटवर पाठवलं. आई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. क्वार्टर सांभाळायला माझा धाकटा काका राहिला. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘पाटणकर’ होतं. तीन वर्षांत टाउनशिपला काकाच ‘पाटणकर’ झाला. गणपतीच्या वर्गणीला तो, आरतीला तो, नाटकाच्या तालमीला चहा सांगणाराही तोच! त्याच मंडळात काळीकर वकील होते, नवी नवी वकिली करणारे. बाबांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

काका कुठल्याशा धंद्याच्या नादी लागला आणि पेटीतले कागद काढून त्यानं बाबांच्या नावानं प्लॉट विकला. त्या काळी दस्तावर फोटो नसे. अंगठा घेत, पण तो अंगठा कुणाचा हे कुणीतरी सांगावं लागे. ‘विकणाऱ्यास मी जातीने ओळखतो,’ असं लिहून काळीकरांनी खाली सही केली. ओळखत होतेच की, रोज आरतीला शेजारी उभे राहत होते...

सुट्टीवर आलो तेव्हा बाबा आम्हाला हौसेनं प्लॉट दाखवायला घेऊन गेले. तिथं पाया भरलेला, आणि एक गृहस्थ नळीनं विटांवर पाणी मारत होते.

‘भाई साहब, ये प्लॉट तो हमारा है,’ बाबा म्हणाले.

‘पाटणकर साहब से लिया है। रजिस्ट्री है हमारे पास।’

‘पाटणकर तो मैं हूँ।’

आईनं माझा हात घट्ट धरला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. आमचं स्वतःचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा तावातावानं टी. टी. नगरला काळीकरांच्या ऑफिसात गेले, मागोमाग मीही. बाबा भांडायच्या तयारीनं गेले होते. काळीकरांनी सगळं ऐकून घेतलं, दस्ताची नक्कल काढून आपल्या सहीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘चूक माझी आहे. मी ओळखतो असं लिहून दिलं, आणि मी ओळखत नव्हतो.’ बाबा समोरच्या खुर्चीत बसले. बरोबरीच्या वकिलांनी काळीकरांना समजावलं, माझीही फसवणूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा. त्यांनी ऐकलं नाही. कोर्टात उभं राहून त्यांनी हेच वाक्य पुन्हा सांगितलं. पक्षकार तुटले, मंडळातली माणसं टाळू लागली. तो व्यवहार रद्द झाला, काकाला गावची शेती विकून त्या गृहस्थांची भरपाई करावी लागली, आणि आमचा प्लॉट आम्हाला मिळाला. आज मी त्याच प्लॉटवर बांधलेल्या घरात बसून हे लिहिते आहे.

मी वकील झाले तेव्हा बाबा म्हणाले, ‘काळीकरांकडेच जा. चूक कबूल करणारा माणूस शिकवेल तरी धड.’

तोवर त्यांच्या ऑफिसात ती खुर्ची आली होती. लाकडी, बिनहाताची, खिडकीला तोंड करून ठेवलेली. विकणारा कितीही मोठा असो, त्यानं आधी त्या खुर्चीत बसायचं. तोंडावर उजेड पडला की काळीकर ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशेजारी धरून सावकाश बघणार. मग रजिस्ट्रीआधी एकदा त्याच्या घरी जाणार आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून चौकशी करणार. एकदा एक जुने स्नेही चिडले, ‘वकील साहब, हमें भी नहीं पहचानते?’ हे शांतपणे म्हणाले, ‘पहचानता हूँ, इसीलिए काग़ज़ माँग रहा हूँ।’ काळीकरांच्या पत्नी, काकू, हयात असताना हसून सांगायच्या, ‘मंडपात अंतरपाट दूर झाल्यावरही ह्यांनी मला नाव विचारलं होतं.’

माझ्या हातून मात्र एकदा चुकलं. माझ्या शाळेतल्या बाई घर विकायला आल्या. त्यांच्याकडे कागद कसे मागायचे, म्हणून मी न बघताच मसुदा केला. काळीकरांनी तो बाईंसमोरच टराटरा फाडला आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘अनोळखी माणसाला कुणीही तपासतो गं. ओळखीच्याला तपासायलाच वकील लागतो.’ मला फार राग आला होता. त्यानंतर कधी त्यांनी मला शाबासकी दिल्याचं आठवत नाही, आणि मी तिची वाट बघत राहिले हेही खरं.

गेल्या आठवड्यात श्रीधर आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, नागपूरला असतो. इथलं घर विकायचं म्हणत होता. ऑफिस आता मी चालवते. तो नेमका त्याच खुर्चीत बसला. दरवर्षी मी त्याला भाऊबीजेला ओवाळते, जेमतेम महिन्यापूर्वी त्याचे वडील गेलेले... माझी जीभ उचलेना. मी चहा मागवला, प्रवासाचं विचारलं, उगाच फायली हलवल्या. शेवटी मान खाली घालून म्हटलं, ‘श्रीधर, तुझे ओळखीचे कागद लागतील.’

त्यानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मला वाटलं, दुखावला. मग त्यानं पिशवीतून एक बंद पाकीट काढलं.

‘बाबांनीच भरून ठेवलंय सगळं. म्हणाले होते, तिनं मागितल्याशिवाय देऊ नकोस. आणि नाहीच मागितलं, तर दुसरा वकील बघ.’

मी फोटो काढून त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला. डोळ्यांत पाणी आल्यानं काही दिसेना.

‘थांब जरा,’ मी म्हटलं, ‘मला नीट बघू दे.’

उजेडाकडे तोंड करून तो हसत बसून राहिला.