शोधनिबंधातला होडीचा वाटा

लिहिणाऱ्या माणसाला निदान मराठीत तरी बरे मार्क मिळालेले असावेत, असं मला वाटतं. मला नव्हते. माझं छापून आलेलं एकुलतं एक लिखाण इंग्रजीत आहे, ते सुक्या बोंबलावर आहे आणि ते पूर्ण वाचलेली सगळी माणसं माझ्या ओळखीची आहेत. तेव्हा आज हे मराठीत लिहायला बसलो याबद्दल वाचकांनी आधीच माफ करावं. चुकलं तर गप्प बसून वाचावं, एवढीच विनंती.

आणीबाणी उठून थोडीच वर्षं झाली होती. मी अर्नाळ्याचा, कोळ्याच्या घरातला. कॉलेजात पाय ठेवणारा आमच्या घरातला पहिलाच. वडील आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे आणि खलाशांचे पुढारी. मी थोरला मुलगा, त्यामुळे पुढचा तांडेल मीच व्हायला हवा होतो. पण माझ्यात एक दोष होता. होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली की मला उलट्या व्हायच्या. कोळ्याच्या मुलाला समुद्र लागतो ही गोष्ट गावात सांगण्यासारखी नव्हती, म्हणून आईने मला शाळेत घातलं, असं माझी आत्या म्हणायची. आई हे नाकारायची, पण फार जोर लावून नाही.

वसईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आमचे सर वाडीतले ख्रिस्ती, घरी केळी-पानवेलीची बागायत. स्वभावाने सावकाश. एकदा तासाला मी चाचरत विचारलं, की सुके बोंबील पावसाळ्यात माळ्यावर खराब होतात, ते सुकवण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढले तर फरक पडेल का? सर म्हणाले, "मला काय माहीत? करून बघ."

मग मी करून बघितलं. आमच्याकडे बोंबील सुकवायची पद्धत अशी, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर टाकायची. वलांडी म्हणजे बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून केलेला मांडव. मी अर्ध्या वलांडीवर मिठाच्या पाण्यातले बोंबील टाकले आणि अर्ध्यावर साधे. साध्यांना शास्त्रात कंट्रोल म्हणतात, हे मी आईला समजावलं. त्या काळी रेशनच्या धान्याला कंट्रोलचं धान्य म्हणत. त्यामुळे माझ्या साध्या बोंबलांकडे घरात शेवटपर्यंत कोणी आदराने बघितलं नाही.

पण कामाला सगळे होते. आई बोंबील टांगायची, आत्या दिवसभर काठी घेऊन कावळे-मांजरं हाकायची, काकाने वलांडी बांधून दिली. पावसाळाभर माळ्यावर दोन टोपल्या राहिल्या. आठवड्यातून एकदा मी त्या उतरवून किती बोंबलांना बुरशी आली, किती किडले, ते लिहायचो. मिठाचे टिकले, साधे खराब झाले. सर म्हणाले, "हे छापण्यासारखं आहे. एका मासिकाला पाठवू. मुंबईला माशांवर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे मुलं घेणार आहेत. छापून येणारा एक लेख हातात असेल तर तुझ्यासाठी बोलता येईल. नुसत्या बी.एस्सी.वर नाही."

हे मी घरी सांगितलं. त्याच वर्षी आमचा एक खलाशी दुसऱ्या होडीवर गेला होता. बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "फुडल्या नारली पुनवेपर्यंत वाट बघतो. तवर तुझा कागद झाला तर बरं. नाय झाला तर होरीवर ये. जागा रिकामी हाय." होडीला आमच्याकडे होरी म्हणतात. बाबांच्या तोंडी तो शब्द तसाच ठेवतो, बाकी त्यांचं बोलणं थोडं सोपं करून लिहितो आहे.

लेख लिहिण्यात थंडी गेली. मी लिहायचो, सर लाल पेन्सिलीने खोडायचे. मी लिहिलं होतं, 'माझ्या आईने बोंबील टांगले.' सरांनी केलं, 'बोंबील टांगण्यात आले.' मी म्हणालो, "सर, यात आई गेली." सर म्हणाले, "शास्त्रात सगळ्यांच्याच आया जातात." आकृतीसाठी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने वलांडी काढली, तेव्हा काका शेजारी बसून गाठी चुकल्यात म्हणून तक्रार करत होता. विरारच्या टायपिंग क्लासात टाइप करायला दिलं, तर तिथल्या बाई दोन ओळींत एवढी जागा सोडायला तयार होईनात. "अरे, कागद काय झाडाला लागतात?" त्यांना शेवटी मासिकाच्या सूचनांचं पान दाखवावं लागलं.

त्या सूचनांत लिहिलं होतं, की पहिल्या पानावर लेखकांची नावं त्यांच्या वाट्याच्या क्रमाने द्यावीत. इथेच सगळं झालं.

आमच्याकडे वाटा म्हणजे काय हे लहान मुलालाही ठाऊक असतं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. पहिला होडीचा, मग जाळ्याचा, मग तांडेलाचा, मग खलाशांचा. ज्याचा हात लागला त्याला मिळतं, आणि नवा असेल तो शेवटी. होडीचा वाटा न काढता मासळी वाटली असं मी जन्मात बघितलं नव्हतं. तरी मी बाबांना विचारलं.

"यात विचारायचं काय?" बाबा म्हणाले. "बोंबील कोनी आनले?"

"होडीने."

"मग?"

"पण बाबा, होडी लेखक कशी होईल?"

"आई तुझी लेखक हाय का? तिला सही येते का? तिला घेतोस ना?"

मी आईला घेत होतोच. ते माझ्या मनानेच ठरवलं होतं. त्यामुळे होडीचा वाटा मी मान्य केला. जाळ्याचा वाटा मात्र मी नाकारला. बरीच घासाघीस झाल्यावर बाबा म्हणाले, जाळं घरचंच आहे, तर ते होडीत धरू.

आमच्या होडीला माझ्या वारलेल्या आजीचं नाव होतं. त्यामुळे कागदावर काही विचित्र दिसलं नाही. आजीचं पूर्ण नाव, पुढे आमचं आडनाव. त्यानंतर बाबा, आई, आत्या, काका आणि सगळ्यात शेवटी मी.

सरांनी ते पान बराच वेळ बघितलं. त्यांचं स्वतःचं नाव घालू नको हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

"या पहिल्या बाई कोण?"

"घरच्याच आहेत, सर."

"सगळ्यात मोठा वाटा त्यांचा?"

"हो सर. त्या नसत्या तर बोंबीलच आले नसते."

"शिकलेल्या आहेत?"

"नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "न शिकलेली बाई, आणि तू तिचं नाव पहिलं घालतोस. धन्य आहे ती बाई." असं म्हणून त्यांनी पान बाजूला ठेवलं आणि संदर्भांच्या यादीतले स्वल्पविराम बघायला लागले. सरांचं बोलणं मध्येच तोडायची मला सवय नव्हती. तीन प्रती बांधून मी रजिस्टर पोस्टाने पाठवून दिल्या.

आषाढात उत्तर आलं. संपादकांनी ते पहिल्या लेखिकेच्या नावाने, आमच्या गावच्या पत्त्यावर पाठवलं होतं. आमचा पोस्टमन गावातलाच. त्याने नाव वाचलं आणि विचार केला, की या नावाची म्हातारी तर गेली, आता या नावाची फक्त होडी आहे. होड्या तेव्हा पावसाळ्यासाठी वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या. तो सरळ किनाऱ्यावर गेला. होडीच्या आडोशाला बाबा बसले होते. पोस्टमन म्हणाला, "तांडेल, तुमच्या होरीचं पत्र आलंय. रजिस्टर हाय. तिच्या वतीने सही करा."

होडीला पत्र आल्याची बातमी मी घरून किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अर्ध्या गावाला कळली होती. लोक छत्र्या घेऊन जमले होते. एक म्हातारे गृहस्थ होडीकडे बघून म्हणाले, "सरकारी दिसतंय. जप्ती आली का रं?" बाबांनी पाकीट फोडलं नव्हतं. माझ्या हातात देत म्हणाले, "मोठ्याने वाच."

मी इंग्रजीचं मराठी करत वाचलं. 'आदरणीय बाई, आपला लेख आमच्या परीक्षकांना आवडला आहे.' इथे लोकांनी होडीकडे बघितलं. 'किरकोळ दुरुस्त्या सोबत जोडल्या आहेत. तथापि आपली शैक्षणिक पात्रता आणि हुद्दा कळवावा. तसेच सोबतच्या पत्रकावर सर्व लेखकांच्या सह्या घेऊन ते परत पाठवावे. त्याशिवाय लेख स्वीकारता येणार नाही.'

"हुद्दा म्हंजे?" आत्याने विचारलं.

"काय काम करते ते."

"मग लिव ना. मासे धरते."

बाबा सही करत, बाकीचे आंगठा द्यायला तयार होते. प्रश्न होडीचा होता. काका म्हणाला, त्यात काय, आता डांबर लावायचंच आहे, ओल्या फळीवर कागद दाबला की उमटेल होरीचा आंगठा. सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर घटकाभर मलाही पटलं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती आणि खलाशाची जागा अजून रिकामीच होती. पण हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचं ते काही सुचेना. शेवटी कागद कोरडा ठेवून मी वसईला गेलो.

सरांच्या ओट्यावर उभा राहून मी सगळं सांगितलं. सरांनी पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे मी होडीला धन्य म्हणालो?"

"हो, सर."

"आणि तू 'हो सर, हो सर' करत होतास."

"खोटं काही बोललो नाही, सर."

सरांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या, तर सर खुर्चीचे हात धरून हसत होते आणि मी रडायच्या बेतात होतो. कोणाचं सांत्वन करावं ते त्यांना कळेना. हसू आवरल्यावर सर म्हणाले, "हे बघ, वाटा आणि लेखक यांत फरक आहे. उद्या एखाद्याने पत्र लिहून विचारलं, की मिठाचं प्रमाण एवढंच का, तर उत्तर द्यायला होडी येणार आहे का? आई येणार आहे? लेखक तो, ज्याला उत्तर द्यावं लागतं. जा, बाबांना विचार."

परतीच्या एसटीत मी हे वाक्य घोकत होतो. बाबांसमोर उभं राहून सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. बाबांनी जाळ्याची सुई खाली ठेवली.

"म्हंजे वादळात सुकानूवर कोन उभा राहनार, असं विचारतात?"

"तसंच."

"यात कोन उभा राहनार?"

"मी."

"मग तू तांडेल. तुझं एकट्याचं नाव घाल." आणि सुई परत उचलत, "पन होरीला काय?"

"शेवटी आभार असतात. त्यात तुमची सगळ्यांची नावं घालतो. होडीचंही."

"छापून येतं?"

"छापून येतं."

"मग तिथे तिचं पहिलं ठेव."

तसं मी संपादकांना लिहिलं. सर म्हणाले होते, खरं आहे ते साधेपणाने लिही, म्हणून वाट्यांची सगळी पद्धत लिहिली, जाळं होडीत धरल्याचंसुद्धा. आता उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठवा, असं विनवलं. आणि मग उत्तर येईना. होडीला रंग लागला, डांबर लागलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला. बाबांनी गेलेल्या खलाशाची जागा मला बोटाने दाखवली.

पहिल्या फेरीच्या सकाळी मी त्या जागेवर बसलो होतो. होडी ढकलून पाण्यात घातली, शीड भरलं, आणि किनाऱ्यावर मला आमचे सर दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चपला, दुसऱ्या हातात पाकीट. विरारहून पहिल्या एसटीने आले असावेत. त्यांनी तोंडाजवळ हात नेला, एवढ्यात आत्या त्यांच्यावर धावून गेली. निघालेल्या होडीला मागून हाक मारायची नाही, हा आमच्याकडे कडक नियम. आत्याच्या हातात तीच कावळे हाकायची काठी होती. आपल्या सरांना इतकं पटकन गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

बाबांनीही त्यांना बघितलं होतं. पण निघालेली होडी ते फिरवणार नव्हते, आणि मीही तसं सुचवलं नाही. खाडीचं तोंड ओलांडलं आणि पुढचं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की एक खलाशी माझी कंबर धरून होता आणि बाबा म्हणत होते, "पोराला आत धरा रं, बाहेर नका जाऊ देऊ."

भरतीबरोबर परत आलो. सर आमच्या ओटीवर बसलेले. आईने त्यांना जेवायला वाढलं होतं, आणि मिठाच्या पाण्यातले बोंबील कोणते, कंट्रोलचे कोणते, हे आत्या त्यांना दाखवून खायला लावत होती. मी भिंतीला धरून उभा राहिलो. पाकीट फोडलेलं होतं.

सर हात धुवून उठले आणि बाबांना नमस्कार करून म्हणाले, "तांडेल, आता बोलू का?"

"बोला, मास्तर. लागली होरी किनाऱ्याला."

सरांनी कागद उलगडला. लेख स्वीकारला होता, हिवाळ्याच्या अंकात येणार होता. लेखक म्हणून नाव माझं एकट्याचं. आता प्रयोगशाळेत याच्यासाठी बोलतो, असं सर म्हणाले आणि बाबांनी मान डोलावली. खाली संपादकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. ती सरांनी आधी इंग्रजीत वाचली आणि मग बाबांसाठी मराठीत सांगितली, की आभारातली नावं दिल्या क्रमानेच छापू, होडी पहिली.