जब्बारची वाहवा

जब्बार शिकलगार तलवारींना, सुऱ्यांना धार लावायचा आणि लावण्या रचायचा. दोन्ही कामं एकाच बैठकीत चालत. सहाणेचं चाक फिरू लागलं की त्याचे डोळे अर्धे मिटत, ओठ हलू लागत आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे हे तो साफ विसरून जाई. कसब्यातले लोक म्हणत, "सुरी जब्बारकडे द्यावी, पण ती लगेच हवी असेल तर देऊ नये."

पेशवाई उताराला लागली होती, तरी पुण्याची तमाशाची हौस दांडगी. जब्बारचा गळा मात्र फाटका. म्हणून तो आपल्या लावण्या गाणाऱ्यांना शिकवी. अट एवढीच, की शेवटच्या कडव्यात आपलं नाव राहावं. शाहिराची मालकी त्या नावातच असते. हिंदुराव नावाच्या फडकऱ्यानं त्याची एक लावणी उचलली, जब्बारच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी वर ओरड केली, की शिकलगारच माझी लावणी आपली म्हणून सांगतो.

प्रकरण पंचांपुढे गेलं. जब्बारला अक्षरओळख नव्हती, तेव्हा पुराव्याला कागद कुठला? सदाशिव पेठेतल्या एका ओसरीवर बैठक भरली. मुख्य पंच दिगंबरपंत म्हणाले, "दोघांनीही गावं. आम्ही ऐकू."

हिंदुराव आधी गायला. मला त्या माणसाचा राग येतो, पण खोटं कशाला बोलू? ऐकलेले लोक सांगत, की ओसरीवरचं ऊनसुद्धा हलेना. जब्बारनं आपली लावणी अशी भरल्या गळ्यातून कधी ऐकलीच नव्हती. त्याचे डोळे मिटले. पंच, दावा, पुणं, सगळं दूर दूर गेलं. दुसऱ्या कडव्याला तो डोलू लागला आणि तिसऱ्याला त्याच्या तोंडून निघून गेलं, "वाहवा! पुन्हा एकदा!"

ओसरीवरच्या साऱ्या माना जब्बारकडे वळल्या.

दिगंबरपंतांनी पगडी सारखी केली. "झालं तर. स्वतःच्या कवनाला कोणता शाहीर वाहवा म्हणतो?" फडाचा रिवाजच तसा होता, आपल्या रचनेला आपणच दाद देणं म्हणजे निर्लज्जपणा. जब्बार परोपरीनं सांगू लागला, की दाद गळ्याला दिली.

"अहो, आता सांगून काय उपयोग?" पंत म्हणाले. "तुमच्याविरुद्ध तुम्हीच साक्ष दिलीत."

हरलेल्यानं येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे हार कबूल असल्याचा कागद. कारकुनानं लिहिलं, 'ही लावणी माझी नव्हे.' जब्बारनं खाली सहीऐवजी निशाणी म्हणून कट्यारीचं चित्र काढलं. हयातीत त्याच्या नावाचा एवढा एकच कागद झाला, आणि तो हा. मला अजून वाईट वाटतं.

घरी येऊन तो चाकापाशी बसला. चाक फिरवलं नाही. त्याच्या बायकोनं, अख्तरबानूनं विचारलं, "काय झालं?"

"हरलो. पण काय गायला गं तो!"

"ती तुम्ही माझ्यावर केली होती ना?"

त्यानं चाकाकडे बघत मान डोलावली.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, अशी तेव्हाची रीत. अठरा वर्षांत तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. ती उठली, दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिली आणि भर गल्लीत, सुराची पर्वा न करता, तिनं शेवटचं कडवं म्हटलं,

"हळूच ये गं आत, उजेड मावेना घरात, जब्बार म्हणे."

पाणी नेणाऱ्या शेजारणींनी तोंडाला पदर लावले. अख्तरबानूनं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं.