कोळशाने धरलेला रंग

खिदिरपूरच्या पुढे कापड रंगवण्याचा एक छोटा कारखाना आहे आणि त्याच्या भिंतीला लागून तळं. ते तळं कराराने घेतलेल्या मच्छीमाराचे दोन हंगाम वाया गेले होते. कारखान्याचं रंगीत सांडपाणी तळ्यात उतरायचं आणि त्यात मासा टिकत नव्हता. मी त्याची बातमी केली. कारखान्याला नोटीस गेली. पाणी येतच राहिलं.

उपाय सुचवणारा माणूस मीच तिथे नेला. ते रसायनशास्त्राचे संशोधक, बालीगंजला आमच्याच इमारतीत राहतात. बदलीवर बंगालमध्ये आलेली आम्ही सगळी मराठी घरं त्यांना दादा म्हणतो. रस्त्याकडेला पडणाऱ्या शहाळ्यांच्या सालींपासून त्यांनी कोळसा तयार केला होता. सांडपाणी या कोळशाच्या थरातून सोडलं की रंग कोळशाला चिकटतो आणि खाली स्वच्छ पाणी येतं. याला अधिशोषण म्हणतात. रंग त्यात नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून कोळशावर जातो. कारखानदाराला हे परवडणारं होतं. त्याने टाकी बसवली.

पहिल्या दिवशी वरून किरमिजी पाणी आत गेलं आणि खालच्या नळातून नितळ आलं. मच्छीमाराने ते ओंजळीत घेऊन हुंगलं.

"काय पत्रकार बाई, पिऊन दाखवू?" दादा म्हणाले.

"नको, वहिनी मला दारात उभं करणार नाहीत. कोळसा रंगाने भरला की त्याचं काय करणार?"

"भट्टीत जाळायचा. तशी सोय केली आहे."

मी हे मच्छीमाराला बंगालीत सांगितलं. तो हसला. "दिदी, तुमचा माणूस आहे ना? मग झालं."

माझी दुसरी बातमी छापून आली. त्यात भट्टीचा उल्लेख होता.

पुढे एका फोटोसाठी मी न कळवता कारखान्यात गेले. मागच्या अंगणात दोन कामगार सिमेंटच्या हौदात तो कोळसा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धूत होते. हौदातलं पाणी किरमिजी झालं होतं. हौदाच्या तळाचा पाइप तळ्यात जात होता.

"भट्टी कुठे आहे?" मी विचारलं.

"कसली भट्टी? धुऊन परत भरायचा. दादांनीच शिकवलं." त्यांनी काही लपवलं नाही.

मी तिथूनच दादांना फोन केला.

"अगं, दर वेळी नवा कोळसा कोण भरणार? तू नळाच्या पाण्याबद्दल लिहिलंस. ते स्वच्छच आहे."

"मी कोळशाबद्दलही विचारलं होतं."

"भट्टी म्हटलं नसतं तर तू बातमी केली असतीस का?"

एवढं म्हणून त्यांनी, घरी पाहुणे आलेत, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

मी वळसा घालून तळ्यावर गेले. माशांची पिलं नुकतीच आली होती. काठावर अॅल्युमिनियमच्या हंड्यांची रांग होती आणि पिलं आणणारी माणसं तळहाताने हंड्यांतलं पाणी सतत हलवत होती. पाणी स्थिर राहिलं तर पिलं गुदमरतात. मी मच्छीमाराला हौद आणि पाइप, दोन्ही सांगितलं. त्याने माझ्यासमोर दादांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सोडा पिलं, खुशाल सोडा," दादा सफाईदार बंगालीत म्हणाले. "दिदी बातम्या लिहितात, रसायनातलं त्यांना काय कळणार?"

मच्छीमाराने फोन खिशात टाकला.

"दिदी, तुम्हीच आणलंत त्यांना. आता तुम्हीच सांगता, ऐकू नको."

"हो," मी म्हटलं.

त्याने बारीक जाळीचा एक पिंजरा काठाजवळ पाण्यात बांधला, मूठभर पिलं त्यात सोडली आणि पायरीवर बसला. बाकीच्या हंड्या तशाच ठेवायला सांगितल्या. पिलं आधी गोल गोल फिरली. मग एकेक करून कुशीवर वळली.

त्याने जाळी उचलून काठावर उलटी केली.

"पुढच्या वेळी कोणाला आणणार, दिदी?"

त्याने हंड्या परत त्या माणसांच्या व्हॅनवर चढवायला सांगितल्या आणि पलीकडच्या वस्तीत तळं असलेल्या मेव्हण्याला फोन लावला.